नखाला न सापडणारा सांधा

९ सप्टेंबर

म्हाताऱ्यानं सांगितलंय, रोज जो भाग हातात येईल त्याचं वर्णन लिहून काढायचं. लिहिलं की डोळा धारदार होतो म्हणे. माझी शाळा आठवीत सुटली, आणि सुटली तेव्हा दोघांनाही बरं वाटलं, मला आणि शाळेलाही. तरी लिहितो. पगारात धरलंय.

ग्रोव्हर हॅस्किन्सच्या दुकानात अख्खी बंदूक क्वचित येते. येतात ते तुकडे. नळ्या, घोडे, चाप, लाकडी मुठी, जुने स्क्रू. शंभर-शंभर वर्षांचे. लोक ते जमवतात, आमच्या केंटकीत काही लोक शिकारी कुत्रे जमवतात तसे. हे तुकडे पोस्टानं कुणालाही पाठवता येतात, चमचे पाठवावेत तसे. पण सांगाडा आला की गोष्ट वेगळी. सांगाडा म्हणजे मधला भाग, ज्याच्यात बाकी सगळं बसतं. त्याच्यावर नंबर असतो. तो आला की आधी नंबर सरकारी नोंदवहीत चढवायचा, मग बाकीचं बोलायचं. कायद्याच्या लेखी बंदूक म्हणजे तेवढाच तुकडा. उरलेलं नुसतं लोखंड.

"असं का?" मी विचारलं.

"तुझं नाव कुठं असतं, केंटकी? नाकात की गुडघ्यात?" म्हातारा म्हणाला. "कुठं तरी ठेवायला लागतं ना."

मला केंटकीच म्हणतो. कॉर्बिन टॅकेट हे नाव त्याला लांब वाटतं बहुतेक.

ऑक्टोबर संपेपर्यंत थांबायचं. मग टेक्सासला तेलविहिरीवर. तिथं ओळखीचा एक जण आहे. इथं ओक्लाहोमात नुसता वारा आणि लाल माती.

१२ सप्टेंबर

म्हाताऱ्यासारखा चिक्कू बघितला नाही. मागच्या खोलीत दिवा लावत नाही. अंधारात बसून भाग सुटे करतो. मी दिवा लावला तर म्हणतो, "तुला लागतो तर लाव." पिकअप असून चालवत नाही. पेट्रोल वाचवत असणार. मिस आर्डिस, म्हणजे त्याची बायको (सगळं गाव त्यांना मिस आर्डिस म्हणतं), नाही तर मी, असे दोघं चालवतो.

आणि खोड्या तरी किती. कप भरताना एक बोट कपात घालून बसतो, कॉफी बोटाला भाजली की थांबतो. आज मी झाडू दुसऱ्या कोपऱ्यात ठेवला तर दिवसभर बोलणी खाल्ली. "माझ्या दुकानात वस्तूंना जागा असते. माणसांना नसली तरी चालेल."

आजचा भाग: घोडा, १९०५ च्या सुमाराचा. वरच्या बाजूला अंगठा टेकून टेकून रेघा गुळगुळीत झाल्यात.

१५ सप्टेंबर

आज एक जण टॉवेलात गुंडाळून वडलांचं रिव्हॉल्व्हर घेऊन आला. जुनं कोल्ट. आरशासारखं चमकत होतं. मी मनात म्हटलं, वा.

म्हाताऱ्यानं हातात घेतलं. बघितलंसुद्धा नाही. तोंड खिडकीकडं, आणि अंगठा नुसता कडेवरून फिरतोय. एकदा. परत एकदा. मग म्हणाला, "पॉलिशच्या चाकावर घासलंत ना?"

"दोन संध्याकाळी लागल्या," तो खुशीत म्हणाला. "केवढं तपकिरी झालं होतं. वडलांना आवडलं असतं."

म्हाताऱ्यानं वस्तू परत टॉवेलात ठेवली, टॉवेलाची चारी टोकं नीट दुमडली. "घरी ठेवा," म्हणाला. "विकू नका. जिवापाड जपा."

तो गेल्यावर मला बोलावलं. "तो तपकिरी रंग म्हणजे त्याचा बाप होता. हाताचा घाम, खोगिराचं तेल, सगळी वर्षं. दोन संध्याकाळी लावून बापाला पुसून टाकलं त्यानं. अक्षरांच्या कडा गेल्या. स्क्रूची भोकं बशीसारखी झाली. आता ते कुणाचंच नाही."

"पण तुम्ही तर बघितलंच नाही."

"बघून काय कळतं," म्हणाला.

मी जेवताना त्याच्या अंगठ्याकडंच बघत होतो. साधा, जाड, नख फुटलेला अंगठा. आमच्या गावात एक बाई होती, पाणी कुठं लागेल ते काठी धरून सांगायची. तिच्याकडं मी लहानपणी असा बघत बसायचो.

२१ सप्टेंबर

आज जे झालं ते सगळं लिहितो, एक गोष्ट सोडून.

सकाळी मि. हॅस्किन्सनी माझ्यापुढं दोन रिव्हॉल्व्हरं ठेवली. म्हणाले, मूठ जिथं सांगाड्याला मिळते तिथं चापाच्या कड्यावरून नख ओढ. पहिल्यावर ओढलं. नख अडलं. अगदी कागदाएवढं, पण अडलं. दुसऱ्यावर ओढलं, नख तसंच पुढं गेलं, पाण्यावरून जावं तसं. मी परत ओढलं. सांधा डोळ्याला दिसतोय, काळी रेघ. नखाला मात्र तिथं काहीच नाही.

"कारखान्यात सांगाडा, चापाचं कडं आणि मुठीची मागची पट्टी, हे तिन्ही आधी एकमेकांना जोडायचे," ते म्हणाले. "मग एकदमच घासायचे. एकाच माणसाच्या हाताखाली. म्हणून तिघांवर नंबरही एकच. दुसऱ्या बंदुकीचं कडं आणून बसवलं तर बसतं. पण नखाला कळतं की हे सख्खे नाहीत. नंबर खोटा ठोकता येतो, गुन्हा असला तरी. रंग खोटा चढवता येतो. हे नाही करता येत. खोटं करणाऱ्याकडं दुसरा तुकडा असतो कुठं?"

मग खणातून तंबाखूचा डबा काढला. आत फडकं, फडक्यात एक कडं. एवढंसं लोखंड, तपकिरी. आतल्या वळणावर एकच जागा रुप्यासारखी उजळ. त्यांच्या आजोबांचं, एझ्रा हॅस्किन्सचं बोट जायचं तिथं.

एझ्रा मेला आणि तीन मुलगे जमिनीवरून भांडायला लागले. धुळीच्या वादळांची वर्षं ती, एकोणीसशे तिसानंतरची. माणसं तशीच पिसाळलेली. थोरला म्हणाला धाकट्याला गोळी घालतो, धाकटा म्हणाला आधी मीच घालतो. घरात रिव्हॉल्व्हर एकच, या कड्याचं. त्यांच्या आजीनं स्वयंपाकघराच्या टेबलावर त्याचे स्क्रू काढले. सांगाडा थोरल्याला दिला, मागची पट्टी मधल्याला, कडं धाकट्याला. म्हणाली, आता कुणाला मारायचं असेल तर आधी तिघं एका टेबलाशी बसा.

"बसले?"

"नाही बसले." ते कडं बोटात फिरवत होते. "थोरला गव्हाच्या कापणीवाल्यांबरोबर उत्तरेकडं गेला. मधला कॅलिफोर्नियाला. धाकटा माझा बाप. मरेपर्यंत म्हणायचा, एकदा बसायला पाहिजे होतं."

चाळीस वर्षं ते तो सांगाडा शोधताहेत. बंदुकांच्या जत्रा, दुकानं, मेलेल्यांचे लिलाव. शोधतात, पण कुणाला सांगत नाहीत कुठल्या नंबराचा. बायको सोडून कुणालाच नाही. "सांगितला तर महिनाभरात त्याच नंबराचे चार सांगाडे माझ्या दारात येतील. चारही ताजे ठोकलेले."

मग मला म्हणाले, कड्यावरचा नंबर मोठ्यानं वाच. म्हटलं तुम्हाला तर पाठ असेल. म्हणाले, तुझे डोळे तपासतोय. मी वाचला. मग मला आईची शपथ घ्यायला लावली, हा नंबर या खोलीबाहेर जायचा नाही. म्हणून इथंही लिहीत नाही.

तो तुकडा हातातून खाली ठेवताना मला उगीच भीती वाटली. झोपलेल्या तान्ह्या पोराला पाळण्यात ठेवताना वाटते तशी.

२९ सप्टेंबर

महामार्गावरच्या खाणावळीत मर्ल ऑटमन भेटला. नेब्रास्काचा, व्हॅनमधून भाग विकत हिंडतो. पोट सुटलेला, हसरा. मला पीकन पाय मागवून दिला, म्हणजे अक्रोडासारखे दाणे घातलेली गोड पेस्ट्री.

"हॅस्किन्सकडं आहेस? झाडू मारायला?"

"भाग तपासायला."

"ग्रोव्हर कुणाला भाग तपासू देतो? मग मी पोप आहे." सगळी खाणावळ हसली. "सांग बरं काय तपासलंस."

मला राग आला. म्हणून सांगितलं. आजीचं, तीन भावांचं, नखाचं. तो खायचा थांबला. नंबर विचारला नाही त्यानं. मीच बोलून गेलो. दाखवायचं होतं की मला माहीत आहे.

काय व्हायचंय. नुसते आकडे तर आहेत.

६ ऑक्टोबर

काही नाही. वारा. टेक्सासवाल्याचं पत्र आलं, जागा आहे म्हणतो.

मि. हॅस्किन्स रेडिओवर बेसबॉल ऐकतात. टीव्ही समोर बंद. म्हणतात, रेडिओवर मैदान मोठं दिसतं.

१७ ऑक्टोबर

फोन वाजला, मिस आर्डिसनी उचलला, मग त्यांना दिला. ते ऐकत होते. ऐकता ऐकता काउंटरला हात टेकला. मग हळूहळू स्टुलावर बसले.

मर्ल ऑटमन. त्याच्याकडं एक सांगाडा आलाय. नंबर सांगितला त्यानं. तोच.

मि. हॅस्किन्सनी फोन ठेवला. मग म्हणाले, "आर्डिस, अगं, त्याला माहीतच नाही मी काय शोधतोय. सहज म्हणाला, तू जुनी कोल्टं बघतोस म्हणून फोन केला." आणि हसले. मी त्यांना असं हसताना पहिल्यांदा बघितलं. दात पडलेल्या पोरासारखं.

मी मागच्या खोलीत जाऊन स्क्रूच्या डब्या लावत बसलो. सगळ्या चुकीच्या लावल्या.

१८ ऑक्टोबर

तुल्साच्या नोव्हेंबरच्या जत्रेत मर्ल सांगाडा घेऊन येणार. बदल्यात आमच्या दुकानाच्या भिंतीवरच्या तिन्ही विंचेस्टर रायफली मागतोय. नोंदवहीत चढलं की व्यवहार पक्का, परत घेणार नाही. त्याची रीत तशीच आहे, सगळ्यांना माहीत.

त्या तीन रायफली म्हणजे काय ते मिस आर्डिसनी आज बिस्किटं लाटताना सांगितलं. दुकान बंद केल्यावर त्यावर जगायचं ठरलंय दोघांचं. दुसरं काही नाही. "मी त्याला नाही म्हणू शकत नाही," त्या म्हणाल्या. "या वर्षी झालं तर झालं. पुढच्या वर्षी शोधण्यात काही अर्थ राहणार नाही."

म्हटलं, "अजून ठणठणीत आहेत की ते."

माझ्याकडं बघत राहिल्या, हात पिठात. "कॉर्बिन, तू चांगला मुलगा आहेस. पण तुझं लक्ष कुठं असतं रे?"

मला कळलं नाही. मला वाटलं त्यांना नंबराचं समजलं.  पण त्या परत बिस्किटं लाटायला लागल्या.

२५ ऑक्टोबर

रोज तालीम चाललीय. ते मला सांगाडे देतात, मी जे दिसतं ते मोठ्यानं सांगायचं. ते डोळे मिटून ऐकतात.

"नंबराचा तळ कसा आहे?"

"तपकिरी."

"आणि आजूबाजूला?"

"तेवढंच तपकिरी."

"मग जुना. ताज्या ठोकलेल्या आकड्याचा तळ चमकतो. तो झाकायला लोक व्हिनेगर लावतात, मातीत पुरून ठेवतात. मग तळ जास्त काळा होतो, बाजूपेक्षा. स्क्रूच्या खाचा?"

"एक कुरतडलेली."

"छान. खऱ्या आयुष्यात एक तरी खाच कुरतडलेली असतेच."

मला दिसतं ते सगळं सांगतो. जे सांगायला पाहिजे ते सांगत नाही. मर्लला नंबर माहीत होता. मीच सांगितला. तीन आठवड्यांत त्या नंबराचा सांगाडा आला. आता एवढं तर आठवी नापासालाही कळतं.

आज बॅग भरली. जत्रेच्या आधी निघून जावं. मग विचार केला, मी गेलो तर त्यांच्याबरोबर बघायला कोण. बॅग पलंगाखाली सरकवली. भरलेलीच आहे.

१ नोव्हेंबर

दोनदा सांगायला गेलो. पहिल्यांदा ते बेसबॉल ऐकत होते. दुसऱ्यांदा कडं फडक्यानं पुसत होते, आणि मला म्हणाले, "हे बघ केंटकी, सांगाडा मिळाला ना, की आजीच्या टेबलावर एक तरी जण परत आला असं होईल."

आलो परत.

८ नोव्हेंबर

आज सगळं लिहितो.

पहाटेच निघालो. मी चालवत होतो, मिस आर्डिस मध्ये, ते दाराशी, मांडीवर तंबाखूचा डबा. मागं गोधडीत तिन्ही रायफली. त्यांनी टाय लावला होता. मिस आर्डिस म्हणाल्या, लग्नाच्या दिवशी नव्हता लावला.

जत्रेचा हॉल म्हणजे एक अख्खं गाव छपराखाली. टेबलामागं टेबलं, जिथवर नजर जाते तिथवर. तेलाचा वास, कॉफीचा वास, माणसांची नुसती गुणगुण. मी आयुष्यात एवढं जुनं लोखंड एका जागी बघितलेलं नाही. एकेकाला कुणी तरी हातात धरलेलं, खिशात बाळगलेलं, कशाला तरी घाबरून उशाखाली ठेवलेलं. 

मि. हॅस्किन्सनी माझ्या कोपराला धरलं होतं. मला वाटलं गर्दी म्हणून.

मर्लनं टेबलामागून उठून हात पुढं केला. "ग्रोव्हर. टाय लावून आलास. कुणी मेलं का?"

मि. हॅस्किन्सनी हात धरला नाही. नुसते उभे, हसत, मर्लच्या खांद्याच्या जरा डावीकडं बघत. हात तसाच हवेत. मला वाटलं, ओळखलं त्यांनी, हा खोटा माणूस आहे, म्हणून अपमान करताहेत. मग मर्लचं हसू गेलं. त्यानं पुढं होऊन स्वतःच त्यांचा हात उचलला, दोन्ही हातांत धरला.

मी मिस आर्डिसकडं बघितलं.

"दोन वर्षं होत आली," त्या हळूच म्हणाल्या. "आता फक्त उजेड आणि सावली. तुला काय वाटलं, विजेचं बिल वाचवतोय?"

कपातलं बोट. झाडू. माझे डोळे तपासतोय म्हणून वाचायला लावलेला नंबर. सगळं एकदम माझ्या अंगावर आलं. आणि तो अंगठा, ज्याला मी जादू समजत होतो. जादूच होती ती, पण मला वाटली होती ती नव्हे.

मर्लनं हिरवं कापड पसरलं आणि सांगाडा ठेवला. नळी नाही, काही नाही, नुसता सांगाडा. तपकिरी, कोरडा.

"सांग," मि. हॅस्किन्स म्हणाले.

माझे डोळे म्हणजेच त्यांचे डोळे, आणि मी असा माणूस.

"आधी एक सांगायचंय," मी म्हटलं. "नंबर यांना मीच सांगितला. सप्टेंबरमध्ये. खाणावळीत. बढाई मारायला. शपथ मोडली." आणि थांबता येईना म्हणून मर्लसमोरच म्हटलं, "हा ठोकलेला असणार."

शेजारच्या टेबलावरचे लोकही वळून बघायला लागले. असा आरोप या धंद्यात कुणी तोंडावर करत नाही. तो गुन्हा आहे, तुरुंगाचा.

मर्ल लाल झाला. मला वाटलं आता हाणतो. पण तो मि. हॅस्किन्सकडं बघत होता. "पोरगा पीकन पायचा एक तुकडा खाऊन नंबर बोलला, हे खरं," म्हणाला. "मला माणसांचे चेहरे आठवत नाहीत, ग्रोव्हर. नंबर आठवतात. हा मी बघितला होता. आमच्या नेब्रास्कात, ओगलालाला एका विधवेकडं, शिवणाच्या मशीनच्या खणात. सहा वेळा तिच्याकडं गेलो तेव्हा आता दिला तिनं. फोनवर मला काही माहीत नाही असं दाखवलं, कारण पोराला बोलणी बसली असती."

"बघितला होता म्हणजे कधी?"

मर्लनं टोपी काढली, परत घातली. "अकरा वर्षांपूर्वी तिनं विकायला दिला होता. इथंच आणला होता मी. याच हॉलमध्ये. तुझ्या टेबलापासून तिसऱ्या टेबलावर तीन दिवस पडून होता. कुणी घेतला नाही, फार तपकिरी म्हणून. परत नेऊन दिला तिला." मग म्हणाला, "तू येऊन माझ्याबरोबर कॉफी प्यालास त्या वर्षी. विचारलं असतंस तर."

अकरा वर्षांपूर्वी त्यांना दिसत होतं.

मि. हॅस्किन्सनी डबा छातीशी धरला. मिस आर्डिसनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मला वाटलं ते रडणार. ते म्हणाले, "कॉफी कशी होती?"

"भिकार," मर्ल म्हणाला.

"आठवलं." मग माझ्याकडं तोंड केलं. "केंटकी, कबुली झाली असेल तर काम कर. मर्ल खरं बोलतोय की गोष्ट सांगतोय ते मला माहीत नाही. सांगाड्याला विचार."

मी सांगायला लागलो.  कडा धारदार, घासलेला नाही. नंबराचा तळ बाजूएवढाच तपकिरी. एक स्क्रू कुरतडलेला. ते प्रत्येकाला मान हलवत होते. पण हे सगळं खोटं करता येतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

त्यांनी डबा उघडला. "स्क्रू लाव," म्हणाले. पेचकस मला दिला. मी हात दोनदा पँटला पुसला. कडं सांगाड्याखाली धरलं. धरलं आणि ते बसलं. ढकलावं लागलं नाही. आवाजही झाला नाही. मी तीन स्क्रू पिळले आणि त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी डोळे मिटले. का मिटले कोण जाणे, सवय असेल. नख कड्यावर टेकवलं, आणि पुढं नेलं.

मी त्यांच्या नखाकडं बघत होतो. नख काळ्या रेघेपाशी आलं. आणि रेघेवरून गेलं. थांबलं नाही. परत मागं आलं. परत पुढं. दुसऱ्या बाजूनं. मग नख सोडून बोटाचं टोक, मग तळहात.

"सांधा कुठंय?" ते म्हणाले. "केंटकी, सांधा दाखव मला. कुठं संपतं आणि कुठं सुरू होतं?"

मी त्यांचं बोट धरून रेघेवर ठेवलं. "इथं."

"इथं काही नाही," म्हणाले. "इथं काहीच नाही रे."

त्यांनी ते मला दिलं. मीही डोळे मिटले. नख ओढलं. नव्वद वर्षं एक तुकडा तंबाखूच्या डब्यात, दुसरा शिवणाच्या मशीनमध्ये, मध्ये एक अख्खं राज्य. आणि त्याआधी कुणी तरी एक माणूस कारखान्यात, ज्याचं नावही कुणाला माहीत नाही, त्यानं एकदा दोन्हीवरून हात फिरवला असेल. तो हात अजून तिथंच होता. मी दोन-तीनदा ओढलं. डोळे उघडले की रेघ दिसते. मिटले की नाही.

मिस आर्डिसनी पण ओढलं नख. मग टायची गाठ नीट केली त्यांची.

मर्लनं तिन्ही रायफली घेतल्या. मला वाटलं होतं एखादी सोडेल. नाही सोडली. नंबर नोंदवहीत मी चढवला, दोनदा तपासून. येताना गाडीत मिस आर्डिस म्हणाल्या, आता मरेपर्यंत दुकान चालवावं लागणार. ते म्हणाले, मग चालवू. डबा रिकामा होता, तरी मांडीवर तोच.

११ नोव्हेंबर

आज सकाळी त्यांनी रंगाचा डबा आणि ब्रश मागवला. निळा रंग. मला दुकानाच्या पुढच्या काचेसमोर उभं केलं.

"पट्टी राहिली," म्हणाले. "मधल्या भावाची. ती काय, पोस्टानं कुठंही फिरत असेल, तिला कुणी नोंदवहीत चढवत नाही. कॅलिफोर्नियात एखाद्या डब्यात पडली असेल. काढ नंबर काचेवर. खाली लिही, हा कुणी बघितलाय का."

"सगळ्यांना दिसेल," मी म्हटलं.

"मग दिसू दे की."

"खोटे घेऊन येतील लोक."

"येऊ देत. नख आहे ना." त्यांनी कोटाच्या खिशातून कडं लावलेला सांगाडा काढला. जत्रेपासून खिशातच असतो. "आणि मर्लला फोन करून सांग. आणि खाणावळीत जाऊन पीकन पाय खा. ज्याला ज्याला सांगता येईल त्याला सांग. तोंड सैल सोडायला तुला शिकवायला नको."

मिस आर्डिस आतून हसल्या.

"किती मोठे काढू आकडे?" मी विचारलं.

ते जरा थांबले. "मला दिसतील एवढे काढ."

मी शिडी आणली. दुपारपर्यंत काढत होतो. एकेक आकडा माझ्याएवढा उंच. काच संपत आली तेव्हा शेवटचा आठ जेमतेम मावला. २१७४०८. आता इथं लिहायला हरकत नाही.

खाली उतरलो तर ते बाहेर रस्त्यावर उभे होते, वाऱ्यात, टोपी धरून. ऊन काचेवर पडलं होतं. डोकं जरा इकडं, जरा तिकडं करत होते. मग काचेजवळ आले, अगदी जवळ, आणि दोनाच्या वळणावरून बोट फिरवायला लागले. रंग ओला होता. मी अडवलं नाही.

"दोन," ते म्हणाले. बोटाला निळा रंग. मग पुढच्या आकड्याकडं सरकले.

मी आत जाऊन पलंगाखालची बॅग काढली आणि कपडे खुंटीवर लावले.